मीठभाताचं पथ्य

शेतातलं भात पिवळं पडायला लागलं आणि नेमकं तेव्हाच इनपेंगचं पोट कापावं लागलं.

आधी तो नुसता खांबाला पाठ लावून बसायचा. सासू बुआवान म्हणाली, "कच्ची पपई हादडली असेल." मग ताप चढला, पोट लाकडासारखं कडक झालं, तेव्हा सासरा सीसूक यानं हातट्रॅक्टरच्या गाडीत पेंढा टाकला, वर गोधडी टाकली आणि जावयाला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. खड्ड्यागणिक इनपेंग ओरडत होता. लात्सामी, त्याची बायको, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटलंय. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उभा छेद घेऊन त्यांनी आतला पू धुतला आणि टाके घातले.

त्याला खाता यायला लागलं तेव्हा दवाखान्यातून तांदळाची पेज आली. पेजेत अंडं फेटून घातलं होतं. लात्सामी थबकली. पण इनपेंग वाटीकडे असा बघत होता की तिला राहवलं नाही. तिनं स्वतः चमच्यानं भरवलं. त्यानं वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाला, "आईला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू?"

घरी आल्यावर बुआवाननं त्याच्या मनगटाला पांढरे दोरे बांधले, जीव ठिकाणावर राहावा म्हणून. मग तिनं पथ्य हातात घेतलं. वाफेवरचा चिकट भात, मीठ, निखाऱ्यात भाजलेलं आलं आणि औषधी मुळ्यांचा लालसर काढा. बस. बदक नाही, अंडं नाही, कोंबडी नाही, मासा नाही. जखम पार भरेपर्यंत आंबवलेल्या माशाच्या रश्शात बोटसुद्धा बुडवायचं नाही. त्याच्या भाताची करंडी तिनं वेगळी ठेवली आणि दोन्ही वेळा ती त्याच्यासमोर मांडी घालून बसायला लागली.

"माझ्या डोळ्यांदेखत खायचं," ती म्हणायची. "माझी बहीण काँग बाळंतपणात गेली ती कशानं? अंड्यानं. गुपचूप बदकाचं अंडं खाल्लं. आतून सडली. हे बघ, या हातांनी मी तिला अंघोळ घातली शेवटची."

इनपेंग मान हलवून भाताचा गोळा मिठात टेकवायचा. तो पलीकडच्या गावचा. लग्न करून बायकोच्या घरी राहायला आला, ही आमच्याकडची रीतच आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण दुसऱ्याच्या घरातल्या करंडीत हात घालणारा माणूस चवीबद्दल बोलत नाही.

टाके काढले तेव्हा जखम वरून मिटल्यासारखी दिसत होती. खालच्या टोकाला मात्र ओल होती. लात्सामी रोज सकाळी फडकं काढायची तेव्हा त्यावर पिवळट डाग असायचा. इनपेंगच्या बरगड्या दिसायला लागल्या, गाल बसले, आणि पावलं मात्र फुगली. चपलेचा पट्टा रुतून खूण राहायची.

मग एका सकाळी तो पाण्याची घागर सरकवायला वाकला आणि खांबांवर उभ्या घराच्या जिन्यापाशीच मटकन खाली बसला. लात्सामी धावली. सदरा वर केला तर जखम खालून बोटभर उघडली होती. रक्त फारसं नव्हतं. आतलं मांस फिकं, धुतलेल्या कापडासारखं.

बुआवान वरून उतरली. जखमेकडे बघायच्या आधी तिनं जावयाच्या तोंडाकडे बघितलं.

"काय खाल्लंस?"

"काही नाही, आई."

"दवाखान्यात काय दिलं होतं?"

"भात."

"नुसता?"

"नुसता."

बुआवाननं लेकीकडे नजर वळवली. "तू होतीस ना तिथं?"

"नुसता भात," लात्सामी म्हणाली. ती वाटी, तो चमचा, तिचाच हात. मावशीचं अंडं तिनं जन्मापासून ऐकलं होतं. आपणच याला मारायला घेतलंय, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून ती आईपेक्षा कडक झाली. नवऱ्याच्या भातावर कुणी रस्सा सांडला नाही ना, हे ती वास घेऊन बघायला लागली.

उपकेंद्रातली परिचारिका चांथा जखम धुऊन त्यात ओली जाळीपट्टी भरत होती. इनपेंगनं दात आवळले होते. पट्टी झाल्यावर तिनं त्याच्या पावलावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मग तिनं त्याचा दंड चिमटीत धरला.

"जेवायला काय घालता याला?"

"भात, मीठ, भाजलेलं आलं," लात्सामी म्हणाली.

"आणि?"

"काढा."

चांथानं हातमोजे काढून टाकले. "अगं, जखम भरायची म्हणजे अंगाला नवं मांस तयार करायचं असतं. ते भातातून कुठून येणार? त्याला प्रोटीन लागतं. अंडी, मासे, कोंबडी, काहीच नसेल तर मूग, शेंगदाणे. अंगातलं संपलं म्हणून तर पाय सुजलेत. मी कितीही पट्ट्या भरल्या तरी आतून शिवायला धागा नको का?"

लात्सामी तिच्याकडे बघत राहिली. शहरात शिकून आलेल्या बायका असंच बोलतात. "ताई, तुला पोरं आहेत?"

"एक मुलगी आहे."

"ती झाली तेव्हा तू काय खाल्लंस?"

चांथानं कात्री पुसून ट्रेमध्ये ठेवली.

"मीठभात," ती म्हणाली. "आई समोर बसली होती. मला माहीत असून खाल्ला. कितीतरी दिवस उठून उभं राहता येत नव्हतं, दूध आटलं. म्हणून तुला सांगतेय."

वाटेत लात्सामी म्हणाली, "स्वतः मीठभात खाल्ला आणि आपल्याला अंडी खा म्हणते."

सीसूक समोर बघत हातट्रॅक्टर चालवत होता. पट्टी चालू असताना तो सगळा वेळ उपकेंद्राच्या दारात उभा होता. सीसूक तसाही बोलणारा माणूस नव्हता. घरात बोलायचं काम बुआवानचं होतं.

कापणी सुरू झाली. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या, अशी गावची माणसं आळीपाळीनं यायची. ज्या घरातला हात कमी, त्या घराच्या ते मनाला लागायचं. बुआवान वयाला न झेपेल इतकी वाकून कापत होती. लात्सामीच्या तळहाताला विळ्याच्या मुठीनं फोड आले होते. इनपेंग बांधावरच्या झोपडीत बसून पेंढ्या बांधायला बांबूच्या कामट्या सोलत होता. तेवढंच त्याला जमत होतं, आणि तेही मधून मधून थांबत.

"पाहुणे, सावलीत ऊन लागत नाही ना?" कुणीतरी ओरडलं.

"त्याचं पोट कापणी बघूनच उसवलं!"

सगळे हसले. बुआवान हसली नाही, पण कुणाला गप्पही केलं नाही. विळा चालवतच मोठ्यानं म्हणाली, "पथ्य पाळणाऱ्याची जखम उघडत नाही. आता कुणाच्या मनात काय आहे, ते आपण कसं सांगणार?"

इनपेंगच्या हातातली कामटी थांबली. मग पुन्हा सोलायला लागला. दुपारी सगळ्यांनी गोल करून मासळीच्या रश्शात भात बुडवून खाल्ला. तो झोपडीत तोंड फिरवून आपल्या करंडीतला खात होता. लात्सामीला त्याची पाठ दिसत होती, सदऱ्यातून वर आलेली मणक्याची हाडं दिसत होती. तिनं आपला घास खाली ठेवला आणि थोड्या वेळानं उचलून खाल्ला. तिला कापायचं होतं.

त्याच सुमाराला बदकांची अंडी कमी व्हायला लागली.

बदकं कणगीखाली बांबूच्या खुराड्यात असायची. बुआवानला प्रत्येक बदकाची सवय ठाऊक होती. कुठली रोज घालते, कुठली एक दिवसाआड. तिनं पहिल्यांदा घोरपडीला शिव्या घातल्या. खुराड्याभोवती राख पसरली. सकाळी राखेवर बदकांचीच पावलं होती आणि अंडी कमीच.

"घोरपड पाय न टेकवता आली वाटतं," ती म्हणाली आणि कुंपणापलीकडे बघायला लागली.

कुंपणापलीकडे पेंगता राहायची. विधवा बाई, एकटी, सोबतीला एक काळा कुत्रा. दोन्ही घरांत जुनं वाकडं काही नव्हतं. लात्सामीला लहानपणी पेंगतानं विणकाम शिकवलं होतं. पण आता बुआवान तिच्याशी बोलताना तिच्या चुलीकडे बघायला लागली. कुत्रा कुंपणाच्या फटीतून आला की काठी फेकायला लागली.

लात्सामीचा संशय कुत्र्यावर नव्हता.

इनपेंग हल्ली दुपारी सासऱ्याबरोबर वरच्या शेतातल्या झोपडीकडे जायचा. पाखरं हाकायला, असं सांगून. परत आला की तोंड धुऊनच घरात यायचा. एकदा तिनं पट्टी बदलताना त्याचा हात धरून बोटं नाकाशी नेली.

"काय करतेस?"

"धुराचा वास येतोय."

"बाबा शेकोटी करतात."

"भरदुपारी?"

त्यानं हात सोडवून घेतला. "तूसुद्धा आता आईसारखी बघतेस माझ्याकडे."

"बघणार. तू मेलास तर मी काय करू?"

तो भिंतीकडे तोंड करून पडला. लात्सामी पट्टीचं काम करत राहिली. जखमेचा तळ आज लालसर दिसत होता, बारीक दाणेदार. तिला ते बरं की वाईट, ते कळेना. मावशी आतून सडली होती. सडताना असाच रंग येतो का?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं विळा बांधावर टाकला, पाणी आणते म्हणाली आणि वरच्या शेताकडे निघाली. कापलेल्या भाताचे खुंट टोचत होते. झोपडीमागून धूर येत होता. ती बाजूनं गेली.

सीसूक उकिडवा बसला होता. निखाऱ्यावर चिखलात लिंपलेली मरळ भाजत होती आणि बाजूला जुन्या किटलीत पाणी उकळत होतं. त्यानं किटलीतून काडीनं अंडं काढलं, या हातातून त्या हातात झेलत सोललं, आणि जावयापुढे धरलं. इनपेंगनं ते दोन घासांत संपवलं. खाताना त्याच्या कानशिलाजवळची शीर हलत होती.

लात्सामी पुढे झाली तेव्हा इनपेंग ताडकन उठायला गेला आणि पोट धरून पुन्हा बसला.

"बाबा!" ती ओरडली. "तुम्ही? मावशीचं माहीत असून तुम्ही याला..."

"बस," सीसूक म्हणाला.

"मी बसणार नाही. मी आईला सांगते."

"सांग. पण आधी बस."

ती बसली नाही, पण गेलीही नाही. सीसूकनं काडीनं मासा उलटला. चिखल तडकला, वाफ बाहेर आली.

"तुझ्या मावशीनं अंडं खाल्लं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"मी घरातच होतो. लाकडं तोडून विस्तव मीच चालू ठेवायचो, बाळंतिणीला शेक द्यायला. तिला ताप होता. मीठभाताशिवाय तिच्या तोंडात काही गेलं नाही. शेवटी शेवटी तर ती मासा मागायची. रडायची मासा दे म्हणून."

"मग अंड्याचं कोण म्हणालं?"

"गेल्यावर बायका जमल्या. कुणीतरी म्हणालं, हिनं काहीतरी खाल्लं असणार. दुसरी म्हणाली, अंडं असेल. संध्याकाळपर्यंत ते अंडं बदकाचं झालं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

सीसूकनं निखारे उकरले. "तिला भरवत कोण होतं?" तो म्हणाला. "तुझी आई. समोर मांडी घालून. जशी आता याच्यासमोर बसते तशी. मी खरं बोललो असतो तर तुझ्या आईला काय वाटलं असतं? पोरी, ती तापानं गेली की उपाशी राहून गेली, ते मला सांगता येत नाही. मी डॉक्टर नाही. पण अंड्यानं नाही गेली. हे मला माहीत आहे, आणि ती परिचारिका बोलत होती तेव्हा मला उभं राहवेना."

लात्सामी खाली बसली. इनपेंग तिच्याकडे बघत नव्हता. त्याच्या मांडीवर अंड्याच्या टरफलाचा तुकडा पडला होता. तिनं तो उचलला, निखाऱ्यात टाकला. मग चिखल फोडून माशाचा पांढरा तुकडा सोडवला, काटे बघितले आणि त्याच्या हातावर ठेवला.

"दवाखान्यात पण मीच भरवलं होतं," ती बापाला म्हणाली. "इतके दिवस मी झोपले नाही."

त्यानंतर खुराड्याच्या मागच्या फटीतून, राख न मोडता, अंडी लात्सामीच काढायला लागली. बापाला वाकताना गुडघे धरावे लागायचे. पट्टीवरचा डाग लहान होत गेला. इनपेंगच्या पावलावर अंगठा दाबला की खळगा लगेच भरून यायला लागला. चांथानं एकदा जखम बघून नुसती मान हलवली आणि लात्सामीकडे बघून हसली. घरी मात्र तो बुआवानसमोर मीठभात खात होता, आणि बुआवान लोकांना सांगत होती, "मी पथ्य आवळलं म्हणून. नाहीतर गेला होता."

लात्सामीला वाटायचं, असंच चालू राहू दे. जखम भरेल, कुणालाही काही कळणार नाही.

मळणीच्या दिवशी खळ्यावर निम्मं गाव होतं. पेंढ्या आपटून दाणे झाडत होते, हवेत भुसा उडत होता. तेवढ्यात पेंगता आली. तिनं काळ्या कुत्र्याला लहान मुलासारखं उचलून छातीशी धरलं होतं. कुत्र्याचा मागचा पाय लोंबत होता.

"बुआवान," ती म्हणाली, "हे तू केलंस?"

बुआवाननं हातातली पेंढी खाली ठेवली. "माझ्या खुराड्यात तोंड घालत होता."

"अंडं होतं त्याच्या तोंडात?"

"अंडी त्यानं खाल्ली की त्याच्या मालकिणीनं, ते मी काय सांगू? माझी अंडी जातात, एवढं खरं."

सगळं खळं थांबलं. पेंगतानं कुत्र्याला आणखी घट्ट धरलं. "मी चोर?"

"मी नाव घेतलं नाही."

"या खळ्यावर मी पोर होते तेव्हापासून राबते. तुझ्या पोरीला मी मागावर बसवलं. मी तुझी अंडी चोरीन?" तिनं भोवती बघितलं. कुणी तिच्याकडे बघेना. एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. तेवढ्यावरून पेंगताला कळलं की बोलणं आज सुरू झालेलं नाही.

सीसूक पुढे सरकला. त्याच्या आधी लात्सामी बोलली.

"अंडी मी घेतली."

बुआवान वळली.

"मी घेतली आणि इनपेंगला भरवली. रोज. मासे पण. वरच्या झोपडीत." तिनं पेंगताकडे बघितलं. "पेंगता मावशीनं काही केलं नाही. कुत्र्यानंही नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बुआवान लेकीकडे बघत होती. मारायला हात उचलेल असं वाटलं. तिनं फक्त डोक्याचं फडकं सोडलं, त्यानं तोंड पुसलं आणि खळं ओलांडून घराकडे चालू लागली. पेंगता कुत्र्याला घेऊन तिथंच उभी राहिली. लात्सामीनं जाऊन कुत्रा आपल्या हातात घेतला तेव्हा कुठं ती खाली बसून रडली. सीसूकनं दोन कामट्या घेतल्या आणि कुत्र्याचा पाय बांधायला बसला.

लात्सामी आणि सीसूक घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. बुआवान घरीच थांबलेल्या इनपेंगच्या पुढ्यात बसली होती.

"सदरा वर कर," ती म्हणत होती.

त्यानं केला. तिनं स्वतः पट्टी सोडली. जखमेच्या जागी बोटभर गुलाबी रेघ होती, कोरडी, एका टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी ओल. बुआवाननं तिच्या कडेनं बोट फिरवलं.

"दुखतं?"

"नाही, आई."

"किती दिवस खातोयस?"

"कापणीपासून."

ती मान न वळवता नवऱ्याला म्हणाली, "अहो. काँगनं खाल्लं होतं ना?"

सीसूक जिन्याच्या वरच्या पायरीवर होता. लात्सामीनं बापाकडे बघितलं. त्यानं कठड्याला धरलं.

"खाल्लं होतं," तो म्हणाला.

"बदकाचं?"

"हो."

बुआवाननं पट्टी पुन्हा जागेवर ठेवली, कडा बोटांनी दाबून बसवल्या.

"कसं खाल्लं?" ती हळू म्हणाली. "मी तर तिच्याजवळून उठलेच नव्हते."

खाली बदकं कणगीकडे परत येत होती, त्यांचा कालवा चालला होता. बुआवान उठली, पायऱ्या उतरली. लात्सामी तिच्यामागून जायला निघाली तर सीसूकनं तिचा दंड धरला. खाली चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला, मग मडक्यातल्या पाण्यात मासा फडफडल्याचा, मग सुरी दगडावर घासल्याचा. बराच वेळ गेला.

ती वर आली तेव्हा तिच्या हातात वाफाळता वाडगा होता. मरळीचा रस्सा, वर शेपूचा पाला. तिचे डोळे लाल होते. आमच्याकडे चुलीचा धूर डोळ्यांत जातोच. तिनं वाडगा जावयापुढे ठेवला, भाताची मोठी करंडी, सगळ्यांची, मध्ये सरकवली आणि समोर मांडी घालून बसली.

इनपेंगनं सासऱ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग भाताचा गोळा रश्शात बुडवला.

"हळू खा," बुआवान म्हणाली. "काटे आहेत."